अकरावीची शेवटची तुकडी

आपल्या घराण्यांत नात्यांच्या नावांची वाण कधीच नव्हती. आतेभाऊ, मामेबहीण, चुलतसासरे, मावसनणंद असा एकेक धागा वेगळा काढून दाखविण्यात आपली भाषा मोठी तत्पर आहे. परंतु ज्याच्या शेजारी आपण सात वर्षे एका बाकावर बसलो, ज्याच्या पेनातील शाई थेंबाथेंबाने आपल्या पेनात उतरवून घेतली, ज्याच्या फडक्यातील भाकरी खाल्ली आणि ज्याच्या खोडीसाठी प्रसंगी आपणही छडी खाल्ली, त्या मनुष्याशी आपले नाते कोणते, असे कोणी विचारले तर 'वर्गमित्र' ह्या एका शब्दापलीकडे आपणांजवळ काही नसते. त्याचे सुतक आपणांस नाही. त्याच्या घरच्या मंगलकार्यात आपला मान ठरलेला नाही. वाटणीच्या कागदावर त्याचे व आपले नाव शेजारी येण्याचा संभव नाही. असे असूनही पन्नास वर्षांनी तो एस. टी. च्या फलाटावर दृष्टीस पडला म्हणजे आपण त्यास शाळेतील टोपणनावाने हाक मारतो, आणि नातवाचा हात धरून उभा असलेला तो गृहस्थ चटकन 'ओ' देतो! हे नाते कोणत्या जातीचे आहे व त्यापायी काही कर्तव्य उत्पन्न होते किंवा नाही, ह्याचा विचार आज वाचकांपुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे.

संस्कृत भाषेने ह्या नात्यास दोन सुंदर शब्द दिले आहेत. एकाच वेदशाखेचे अध्ययन करणारे ते सब्रह्मचारी, आणि एकाच गुरूपाशी राहून शिकणारे ते सतीर्थ्य. हे दोन्ही शब्द पाणिनीने आपल्या व्याकरणात सिद्ध करून दाखविले आहेत. सतीर्थ्य ह्या शब्दातील 'तीर्थ' म्हणजे गुरू. परंतु ह्याच तीर्थ शब्दाचा दुसरा अर्थ नदीत उतरावयाची जागा, म्हणजे आपण ज्यास उतार म्हणतो ती, असाही आहे. गोदावरीच्या खोऱ्यात वाढलेल्या आमच्यासारख्यांस हा दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो. एका उतारावरून जे एकाच वेळी पाण्यात उतरले, ते सतीर्थ्य. त्यांपैकी पैलतीरास किती लागले, हा प्रश्न त्या शब्दात नाही. तो आपण विचारावयाचा असतो.

विचारास निमित्त झाले ते आमच्याच वर्गाचे. 1975 च्या मार्च महिन्यात शेवगाव येथून शालान्त परीक्षेस बसलेला आमचा वर्ग 2025 साली पन्नास वर्षांचा झाला. ज्या जिल्ह्यास आम्ही जन्मभर नगर म्हणत आलो, त्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर असे झाले. त्या जिल्ह्याच्या पूर्व अंगास हे तालुक्याचे गाव आहे. वायव्येस ज्ञानेश्वरीचे नेवासे, ईशान्येस गोदावरीपलीकडे नाथांचे पैठण, दक्षिणेस पाथर्डी. मध्ये काळ्या जमिनीचा कापसाचा पट्टा आणि त्याच्या कडेने बाजरीचे माळ. गावास रेल्वे नाही. नगर साठ-पासष्ट किलोमीटरांवर. तेथे जावयाचे ते एस. टी. नेच. 1948 सालच्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस पुणे ते नगर ही आपल्या राज्यातील पहिली एस. टी. गाडी धावली, ही गोष्ट आम्हांस शाळेत मोठ्या अभिमानाने सांगितली जाई. त्या अभिमानात अतिशयोक्ती नव्हती. आसपासच्या खेड्यांतील मुलास हायस्कूल दिसले ते ह्या लाल गाडीमुळे, आणि गाडी ज्या गावापर्यंत पोहोचली नव्हती तेथील मुलास दिसले ते बोर्डिंगामुळे. अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाचे रेसिडेन्शियल हायस्कूल शेवगावात आहे; त्याचे नावच त्याचा हेतू सांगते. दुसऱ्या एका हायस्कुलास बाळासाहेब भारदे ह्यांचे नाव आहे. संतवाङ्मयाचे व्यासंगी असलेले हे शेवगावचे गृहस्थ 1962 पासून 1972 पर्यंत महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. आपल्या गावचा मनुष्य मुंबईस त्या आसनावर बसतो, एवढ्या एका गोष्टीने तालुक्यातील कित्येक बापांच्या मनात मुलास पुढे शिकविण्याचा विचार आला असेल.

आमच्या वर्गाचे वैशिष्ट्य असे की, तो अकरावीचा शेवटचा वर्ग होता. मॅट्रिक ह्या परीक्षेचा इतिहास मोठा आहे. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले व 1859 साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्याच परीक्षेतून बाहेर पडले. पुढे 1948 च्या कायद्याने शालान्त परीक्षेसाठी स्वतंत्र मंडळ आले, आणि 1966 च्या जानेवारीपासून पुण्याच्या राज्य मंडळाचा कारभार सुरू झाला. नाव एस. एस. सी. झाले तरी लोकांच्या तोंडी मॅट्रिकच राहिले, आणि मॅट्रिक म्हणजे अकरावी, हे समीकरण घरोघर पक्के होते. पुढे दहा अधिक दोन अधिक तीन असा नवा आकृतिबंध आला. त्यामुळे 1975 च्या मार्चमध्ये एक विलक्षण प्रकार घडला. आम्ही जुन्या अकरावीचे, आणि आमच्याहून एक वर्षाने लहान असलेले नव्या दहावीचे, असे दोघेही एकाच वर्षी शालान्त परीक्षेस बसलो. घरात थोरला अकरावीस व धाकटा दहावीस असेल, तर दोघेही एकाच कंदिलाशी अभ्यासास बसत आणि दोघांचाही निकाल एकाच महिन्यात लागे. आजी विचारी, "अरे, मॅट्रिक नक्की कोण होणार, हा का तो?" तिला समजावून सांगणे कोणासही साधले नाही.

ह्या गमतीच्या मागे एक कठोर गोष्टही होती. दहावी उत्तीर्ण झालेली मुले कनिष्ठ महाविद्यालयाच्या अकरावीत गेली व 1977 साली बारावीच्या पहिल्या परीक्षेस बसली. त्यांचा रस्ता नवा असला तरी बांधलेला होता. आमच्यापैकी जे अनुत्तीर्ण झाले, त्यांना मात्र पुन्हा जाऊन बसावे असा शाळेत वर्गच उरला नव्हता. पूर्वी नापास झालेला मुलगा जूनमध्ये मुकाट्याने मागच्या बाकावर येऊन बसे व वर्षभरात त्याचे लाजणे ओसरून जाई. 1975 च्या जूनमध्ये तो बाकच नाहीसा झालेला. ज्यांच्या घरी धीर व पैसा होता त्यांनी बाहेरून परीक्षा दिल्या. बाकीचे शेतावर, दुकानावर, नाहीतर मुंबईच्या गाडीत बसले.

असो. 1968 च्या जूनमध्ये आम्ही पाचवीत आलो आणि 1975 मध्ये बाहेर पडलो. ह्या सात वर्षांत वर्गाने एकत्र काय पाहिले? बाहेरच्या जगास सांगण्यासारखे पाहू गेल्यास, चंद्रावर मनुष्य उतरल्याची बातमी पाहिली. 1969 साली चौदा बँका सरकारने घेतल्या, त्याचा अर्थ आम्हांस तेव्हा कळला नाही, पण पुढे वर्गातील कित्येकांच्या घरात त्यामुळेच दिवा लागला, कारण तालुक्यातालुक्यांत शाखा निघाल्या व त्यांना मॅट्रिक झालेली मुले हवी होती. 1971 चे बांगला देशाचे युद्ध पाहिले. परंतु परवा सर्वजण जमलो तेव्हा ह्यांपैकी कशाचाही विषय निघाला नाही. निघाला तो 1972 चा.

त्या वर्षी आम्ही नववीत होतो. मृग कोरडा गेला, हस्तही कोरडा गेला, आणि दिवाळीनंतर विहिरींचे तळ दिसू लागले. सरकारने दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी. 1973 च्या मे महिन्यात राज्यभरात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लक्ष माणसे राबत होती, ह्यावरून त्या वर्षाची कल्पना यावी. रोजगार हमीची जी योजना पुढे कायद्याने सबंध राज्यास लागू झाली, तिचा पाया ह्याच दुष्काळात भरला गेला. परंतु आमच्या वर्गास हे सर्व समजले ते निराळ्या रीतीने. बाकावर चौघांच्या जागी तिघे झाले, मग दोघे झाले. हजेरी घेताना गुरुजी नाव उच्चारीत, क्षणभर थांबत, आणि कोणीतरी मागून सांगे, "खडीवर गेला, गुरुजी." शनिवारी सकाळची शाळा सुटली म्हणजे आमच्यातलेच काही घरी न जाता परस्पर कामावर जात, कारण तेथे सुकडी मिळे. सुकडीचा तो गोडसर कोरडा घास आणि परदेशाहून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी, ह्या दोन चवी आमच्या पिढीच्या जिभेवरून अद्याप गेलेल्या नाहीत. ज्या घरांत धान्याची कणगी होती त्या घरांतील मुलांचे डबे त्या वर्षी मधल्या सुट्टीत उघडत तेव्हा त्यांच्याभोवती मुले जमत नसत; उलट दूर जाऊन बसत. त्या वयात कोणी शिकविलेले नसताही हे त्यांस कळत होते.

ह्याच वर्षांत गोदावरीवर पैठणास जायकवाडीचे धरण उभे राहत होते. लालबहादूर शास्त्रींनी 1965 साली त्याची कोनशिला बसविली व 1976 साली इंदिरा गांधींनी ते राष्ट्रास अर्पण केले. नाथसागराच्या पाण्याने शंभराहून अधिक गावांच्या जमिनी व घरे कमीअधिक प्रमाणात गिळली. त्यांत शेवगाव तालुक्याच्या उत्तरेकडील नदीकाठही होता. आज शेवगावच्या व पाथर्डीच्या नळास जे पाणी येते ते ह्याच धरणाचे. आमच्या वर्गातील नदीकाठची काही मुले एका उन्हाळ्यानंतर परत आली नाहीत. त्यांचे गाव उठले होते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पन्नास वर्षे पूर्ण होतात, तेव्हा एकदा सर्वांनी जमावे, अशी कल्पना निघाली. हल्ली अशा मेळाव्यांची आपल्याकडे रीतच पडली आहे. दिवाळीच्या सुट्टीत तालुक्यातालुक्यांतून अमक्या सालच्या दहावीचे, तमक्या सालच्या बारावीचे स्नेहमेळावे भरतात. भ्रमणध्वनीवर वर्गाचा एक गट निघतो, सकाळी त्यावर सुविचार व रात्री विनोद येतात. सर्वांना एका रंगाच्या टोप्या किंवा फेटे मिळतात, गुरुजनांस शाल-श्रीफळ अर्पण होते, जेवणे होतात आणि छायाचित्र निघते. ह्यात वावगे काहीच नाही. आमच्याही वर्गाने हे सर्व करावयाचे ठरविले. अडचण आली ती आमंत्रणांच्या यादीपाशी.

कोणास बोलवावे? एक पक्ष म्हणाला, "बॅच म्हणजे 75 साली परीक्षेस बसलेली मुले. निरोपसमारंभाच्या फोटोत जे आहेत ते." हा पक्ष चुकीचा नव्हता, शाळेच्या नोंदीप्रमाणे वर्ग म्हणजे तोच. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, फोटोत तीन रांगा आहेत, परंतु पाचवीच्या हजेरीपटाची पाने ह्याच्या कितीतरी पुढे जात होती. ती माणसे कोणत्या वर्गाची मानावयाची? आम्ही ह्या दुसऱ्या पक्षात होतो. वाद बरेच दिवस चालला व थोडा कडवटही झाला. "ज्यांना शाळा सोडावी लागली त्यांना बोलावून त्यांच्या जखमेवर मीठ कशाला चोळता?" असे एकाने विचारले, आणि हा आक्षेप खरोखर विचार करण्यासारखा होता. त्यावर वर्गातील एका बाईंनी, ज्या पुढे परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या, उत्तर दिले: "बोलवा तर खरं. यायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. तुम्हीच परस्पर का ठरवता?" त्यांच्या ह्या बोलण्याने वाद मिटला.

शाळेच्या अनुमतीने पाचवीच्या यादीची नक्कल मिळाली. शाळेच्या दप्तरात 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असतो, हे मास्तरकीचा ज्यांनी धंदा केला त्यांस ठाऊक आहे. त्या रकान्यात भाषेचे दारिद्र्य पाहावे! 'पालकाच्या विनंतीवरून', 'परगावी गेल्यामुळे', 'सतत गैरहजर, सबब नाव कमी'. ह्या तीन वाक्यांत आमचा निम्मा वर्ग गुंडाळलेला होता. 'पालकाच्या विनंतीवरून' म्हणजे बहुधा मुलीचे लग्न. 'परगावी गेल्यामुळे' म्हणजे धरण, किंवा मुंबईची गिरणी. 'सतत गैरहजर' म्हणजे खडी, गुरे, किंवा ऊसतोड. 'नाव कमी केले' हे शब्द आम्हीही पुढे शिक्षक झाल्यावर नित्य वाचीत आलो. पण ज्यांची नावे कमी झाली त्यांची तोंडे आठवत असताना ते वाचणे ही गोष्ट निराळी.

वर्गातील चौघे-पाचजण ह्या यादीतील माणसे शोधण्याच्या मागे लागले. काही इहलोक सोडून गेली होती. काहींचा पत्ताच लागला नाही. काहींनी "आता काय त्याचं?" म्हणून हात जोडले. पण जी आली त्यांच्यामुळे मेळाव्यास जे स्वरूप आले, ते केवळ फोटोतल्या तीन रांगांनी आले नसते.

त्या दिवशी आमच्या वयोवृद्ध गुरुजींनी पाचवीच्या यादीप्रमाणे हजेरी घेतली. वय नव्वदीच्या घरात, आवाज बारीक, परंतु उच्चार तसाच स्वच्छ. पहिल्या काही नावांस लोक हसत 'हजर' म्हणाले. मग एका दिवंगताचे नाव आले. सभागृह गप्प झाले. गुरुजींनी मान खाली घालून पुढचे नाव घेतले. नंतर अशी नावे येत गेली तेव्हा त्या त्या माणसाच्या शेजारी बसणारा जो कोणी असेल तो उठून त्याच्याविषयी एकेक वाक्य सांगू लागला. हे कोणी ठरविलेले नव्हते. "ह्यानं मला पोहायला शिकवलं." "ह्याच्या घरी पहिल्यांदा रेडिओ ऐकला." "हा गणितात माझ्या पुढं होता." एवढेच. सभेत भाषणे पुष्कळ झाली, पण आम्हांस आठवतात ती ही वाक्ये.

मध्ये एका बाईंचे नाव आले. त्या सातवीपर्यंत आमच्याबरोबर होत्या. त्या काळी मुलगे व मुली एका वर्गात असूनही एकमेकांशी बोलत नसत, त्यामुळे सातवीत असताना त्यांचा आमचा एक शब्दही झालेला नव्हता. भोजनाच्या वेळी त्या आपणहून आमच्यापाशी आल्या. आम्ही विचारले, "ताई, शाळेतलं काय आठवतं?" त्या म्हणाल्या, "मास्तर, आठवीला संस्कृत असतं म्हणून आमच्या दादानं पुस्तक आधीच घेऊन ठेवलं होतं. मे महिन्यात लग्न झालं. ते पुस्तक मग धाकट्यानं वापरलं." थोडे थांबून त्यांनी विचारले, "त्यात पहिलाच धडा कशाचा होता हो?" जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलेल्या आम्हांस त्या प्रश्नाचे उत्तर देता येत होते, आम्ही ते दिले, आणि रामाची विभक्ती कशी चालते तेही सांगितले. त्यांनी ती दोनदा म्हणून दाखविली. शेजारी त्यांची महाविद्यालयात शिकणारी नात उभी होती. ती आजीकडे टक लावून पाहत होती.

सतीर्थ्यांच्या दोन कथा आपल्या परंपरेने सांभाळून ठेविल्या आहेत. सांदीपनींच्या आश्रमातील श्रीकृष्ण व सुदामा ह्यांची कथा घरोघर माहीत आहे. दुसरी, भरद्वाजांच्या आश्रमातील द्रोण व द्रुपद ह्यांची. लहानपणी एकत्र खेळलेला द्रुपद पुढे राजा झाला, दारिद्र्याने गांजलेला द्रोण जुनी मैत्री सांगत त्याच्याकडे गेला, आणि राजाने त्यास सांगितले की मैत्री बरोबरीच्यांत असते. त्या एका वाक्यातून किती वैर उत्पन्न झाले व त्याचा शेवट कुरुक्षेत्रावर कसा झाला, हे वाचकांस सांगणे नको. प्रत्येक वर्ग पन्नास वर्षांनी जमतो तेव्हा ह्या दोनही कथा त्या सभागृहात दारापाशी येऊन उभ्या असतात. आमच्या वर्गातील एक गृहस्थ मोठ्या अधिकारावरून निवृत्त झाले आहेत, आणि त्यांच्याच बाकावरचे दुसरे गृहस्थ गावात चहाचे दुकान चालवितात. दुसरे गृहस्थ पहिल्यांस प्रथम "साहेब" म्हणाले. पहिले म्हणाले, "अरे, साहेब घरी ठेवून आलोय. तू माझी पेन्सिल घेतली होतीस, ती कुठाय?" त्यानंतर दोघेही दिवसभर अरे-तुरेवर होते. सुदाम्याच्या पोह्यांची योग्यता ह्या पेन्सिलीस आहे असे आम्ही म्हणत नाही. पण कथा तीच आहे.

द्रोणांच्या गोष्टीचा आणखी एक भाग आहे, आणि तो आपण नेहमी निराळा सांगतो: एकलव्याचा. द्रोणांच्या वर्गाचे छायाचित्र काढले असते तर त्यात कौरव असते, पांडव असते, अश्वत्थामा असता; एकलव्य नसता. वर्ग म्हणून मागे वळून पाहावयाचे असेल तर छायाचित्राच्या चौकटीबाहेरही पाहिले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. कारण चौकटीच्या आत आलेले सर्व अधिक हुशार होते, असे मुळीच नाही. आमच्यापैकी ज्यांच्या घरात चुलता, आजोबा, मोठी आत्या असे कोणीतरी शाळेकडे लक्ष देणारे होते, ज्यांच्या घरी चार महिन्यांचे धान्य होते, किंवा ज्यांचे शिक्षणशुल्क ई. बी. सी. सवलतीमुळे माफ झाले, ते पैलतीरास लागले. एकत्र कुटुंबाचा हा लाभ आपण पुष्कळदा बुद्धीच्या खात्यावर जमा करतो; तो बहुतांशी आधाराच्या खात्यावर जमा व्हावयास पाहिजे.

कोणी म्हणेल, ही जुनी कथा झाली; आता सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा आहे. कायदा आहे, हे खरे. तो 2009 साली झाला व 2010 च्या एप्रिलपासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस शिक्षणाचा हक्क आहे. परंतु शेवगाव, पाथर्डी ह्या भागातून आजही दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे जातात व त्या परत येतात तो चैत्र-वैशाख उजाडतो. आईबापांबरोबर मुले गेली म्हणजे शाळेचे दुसरे सत्र बुडते. ह्यावर उपाय म्हणून कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या, आणि गावात राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आली; आजी किंवा शेजारीण मुलास सांभाळते आणि जेवणाची सोय शाळेमार्फत होते. योजना चांगल्या आहेत. परंतु कोणती मुले यंदा जाणार आहेत, हे टोळी निघण्यापूर्वी कोणाच्या तरी ध्यानात आले पाहिजे आणि कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन बोलले पाहिजे. कागद हे काम करू शकत नाही.

आमच्या वर्गाने मेळाव्यानंतर दोन गोष्टी ठरविल्या. पहिली ही की, वर्गाचे एक हस्तलिखित तयार करावयाचे व त्यात पाचवीच्या यादीच्या क्रमाने प्रत्येकाचे नाव आणि त्याच्याविषयीची आठवण लिहावयाची. फोटोत तो असो वा नसो. जुन्या छायाचित्रांच्या पाठीमागे नावे लिहून ठेवण्याची चाल आपल्याकडे फार कमी आहे, पन्नास वर्षांनी "हा कोण?" असा प्रश्न पडतो व सांगणारा उरलेला नसतो. दुसरी गोष्ट अशी की, जे गावात राहतात त्या निवृत्त मंडळींनी नवरात्राच्या सुमारास आपापल्या जवळच्या शाळेतील शिक्षकांस भेटून, कोणती मुले जाण्याच्या बेतात आहेत ते विचारावयाचे, आणि दोघादोघांनी त्या घरी जावयाचे. काही घरी लोकांनी ऐकून घेतले व मूल आजीपाशी ठेविले, काही घरी "पोराला खायला तुम्ही घालणार का?" असा रोख प्रश्न आला. ह्या प्रश्नावर रागावण्यात अर्थ नाही. वसतिगृहाची योजना त्यांस समजावून सांगणे, अर्ज भरून देणे, व आजीच्या घरी महिन्यातून एकदा डोकावणे, एवढे साठीपलीकडच्या मनुष्यास सहज जमते.

आमच्या वाचकांची घरे शिकलेली आहेत, भरलेली आहेत. त्यांतील मुले शाळा सोडणार नाहीत, हे आम्ही जाणतो. म्हणूनच ही विनंती त्यांना करावयाची. रात्री नातवंडे जेवावयास बसली म्हणजे आपण त्यांस विचारतो, "किती गुण मिळाले? कितवा नंबर आला?" ते अवश्य विचारावे. परंतु त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारीत जावा: "तुझ्या वर्गातलं हल्ली कोण येईनासं झालं आहे?" मूल प्रथम गोंधळेल, मग एखादे नाव सांगेल. ते नाव लक्षात ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी नातवास पोहोचवावयास शाळेत जाल तेव्हा वर्गशिक्षकांस त्याविषयी विचारावे.